उरकुड्याचा पंखा

मोहवाहीच्या कवडूजी सुताराकडे बंडीचं चाक दुरुस्तीला न्यायचं तर सोबत दोन गोष्टी न्याव्या लागत. एक चाक आणि दुसरी अख्खी दुपार. चाक अर्ध्या तासात होई. उरलेली दुपार जहाजात जाई.

जहाज म्हणजे विमान. आमच्या भागातली जुनी माणसं विमानाला अजून जहाजच म्हणतात. पाण्यातलं जहाज कोणी पाहिलेलंच नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही. मूल या तालुक्याच्या गावावरून आत जंगलाच्या काठाला लागलं की आमचं गाव येतं. धानाच्या बांध्या, दोन तलाव, एक राइस मिल, एक शाळा आणि कवडूजींचं जहाज. बाकी सगळ्याची सरकारी कागदावर नोंद आहे. जहाज मात्र फक्त कवडूजींच्या तोंडी होतं.

"माह्या आज्यानं जहाज उडवलं होतं," अशी ते सुरुवात करत. समोरच्याने डोळे मोठे केले की थोडे खाली येत. "म्हंजे उडवलं साहेबानंच. पन पंखा माह्या आज्याचा होता."

आम्ही सगळे या गोष्टीवरच वाढलो. कोणी बोलणं लांबवलं की आमच्या गावात "पुरे गा, जहाज उतरव आता," असं म्हणतात. लग्नात मंगलाष्टकं संपेनात तरी हेच म्हणतात, आणि भटजी खरंच आवरतं घेतात. हे सगळं कवडूजींच्या देखत चाले आणि तेही हसत. माणूस एकाहत्तर वर्षांचा, रंगाने शिसव, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल कानावर ठेवूनच झोपतात असं त्यांची बायको नीलाबाई सांगे. एकदा त्यांना ताप आला तेव्हा डॉक्टरने थर्मामीटर तोंडात घातला. एक मिनिट बोलता येणार नाही म्हणून कवडूजींनी जहाज हातवारे करून सांगितलं.

या घराण्यात नावं वाईट ठेवायची पद्धत होती. मुलं जगत नसली की आमच्याकडे असंच करतात. आज्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं, म्हणून तो उरकुडा. नातवाला शेजारणीला एका कवडीत विकून परत घेतलं, म्हणून हा कवडू. असल्या नावाच्या पोराकडे यमाचंही लक्ष जाऊ नये, हा त्यातला हिशोब. हिशोब बरोबर निघाला. दोघेही टणटणीत जगले.

आता गोष्ट. कवडूजींच्या पद्धतीने सांगायची तर संध्याकाळ होईल, म्हणून मी आवरून सांगतो.

साल चौतीस का पस्तीस, यावर ते स्वतःशीच भांडत. महिना मात्र पुसाचा, म्हणजे पौषाचा. धान कापून झालं होतं. गावाबाहेर गुरं गोळा करायचं मोकळं मैदान आहे, त्याला आखर म्हणतात. सकाळी गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, तिथे गुरं जमवत होता. आभाळातून गिरणी चालल्यासारखा आवाज आला आणि वर-खाली दुहेरी पंखांचं एक जहाज आखरावर उतरलं. गुरं चारी दिशांना गेली, गायकी पाचव्या. जहाज धावत धावत शेवटच्या धुऱ्याला, शेताच्या बांधाला, अडलं, नाकावर झुकलं आणि पुढे फिरणारा लाकडी पंखा मधोमध मोडला. आतून एक गोरा साहेब निघाला. त्याने डोक्यावरचा चामडी टोप काढला आणि चहा मागितला.

गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, बळवंतराव तेव्हा लोटा घेऊन तळ्याकडे निघाले होते. त्यांनी वर पाहिलं, लोटा टाकला आणि घरात येऊन धान साठवायच्या ढोलीत उतरले. दुपारी चौघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं तेव्हा मिशीत कोंडा होता. कवडूजी बाकी तपशील मागेपुढे करत, पण मिशीतला कोंडा कधी विसरले नाहीत.

नवा पंखा मुंबईहून यायला महिना लागला असता. साहेब डोकं धरून बसला होता. सगळं गाव जहाजाला हात लावायला घाबरत होतं. उरकुडा सुतार खांद्यावर बंडीचा आख, चाकांमधला दांडा, घेऊन तिथून चालला होता. तो थांबला, पंख्याचे दोन्ही तुकडे जोडून बघितले, वरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे तं लाकूड हाय."

कवडूजी इथे नेहमी थांबत. सगळ्या गोष्टीत त्यांचं आवडतं वाक्य हेच होतं. लोकांना जहाज दिसलं, आज्याला लाकूड दिसलं.

उरकुड्याने आठ दिवस काम केलं. मृदंगासाठी ठेवलेलं शिवणीचं खोड काढलं. दोरीला गाठी मारून मापं घेतली. पंख्याचा पीळ साध्या डोळ्यांना सापडेना, तेव्हा मोडका पंखा ओल्या मातीत दाबून त्याचा ठसा घेतला आणि त्या ठशात नवा पंखा बसवून बसवून तासला. शेवटी तो घराच्या आड्याला मधोमध टांगला. एका टोकावर तांदळाचा दाणा ठेवला की ते टोक खाली गेलं पाहिजे, दुसऱ्या टोकावर ठेवला की ते. असं होईपर्यंत तो रंधा मारत राहिला. नवव्या दिवशी जहाजाची शेपटी मोहाच्या झाडाला बांधून पंखा फिरवून पाहिला. झाड हललं, पंखा टिकला. साहेबाने मालगुजारांशी हात मिळवला, उरकुड्याच्या पाठीवर थाप मारली आणि उडून गेला. मोडक्या पंख्याचे तुकडे तो तिथेच टाकून गेला.

त्यातला एक तुकडा चुलीत गेला. दुसरा, काठाला पितळेची पट्टी असलेला, उरकुड्याच्या बायकोने उचलला आणि उलटासुलटा करून पाहिला. लांब, गुळगुळीत, एका अंगाला उतरता. तिने त्याच्यावर सेवया वळल्या. तेव्हापासून तीन पिढ्या त्या घरात सेवयांचा पाट तोच. उन्हाळ्यात तो गल्लीभर फिरे. नीलाबाई चिंच लावून त्याची पितळी पट्टी घासे. मोहवाहीच्या सेवया बारीक का होतात यावर आजूबाजूच्या गावांत तर्क चालत. विलायती जहाजाच्या पंख्यावर होतात हे कोणी सांगितलं तरी कोण ऐकणार? आम्ही त्याच पाटावरच्या सेवया खात होतो आणि त्याच कवडूजींना हसत होतो.

एकच माणूस हसत नसे. कवडूजींचा भाचा प्रफुल. त्यांच्या बहिणीचा, शकुबाईचा मुलगा. बाप लवकर गेला, त्यामुळे तो मामाच्या अंगणात रंध्याच्या भुश्श्यात खेळून मोठा झाला. कवडूजींची स्वतःची मुलगी दिव्यानी नागभीडला दिलेली. तिला जहाजाचं नाव काढलं की फोनची रेंज जाई. म्हणजे गोष्टीचा वारस प्रफुलच. तो शिकला, गावातल्याच खासगी शाळेत मास्तर झाला, पण कायम झाला नाही. अकरा वर्षं हजेरीपटावर त्याचं नाव पेन्सिलने लिहिलेलं होतं, असं तोच हसत सांगे.

दोन वर्षांपूर्वी त्याने ठरवलं की गावाचा हा इतिहास लिहायचा. दर रविवारी वही घेऊन तो मामाकडे येऊ लागला. मोबाइलवर रेकॉर्ड करू लागला. कवडूजींना आयुष्यात पहिल्यांदा असा श्रोता मिळाला की जो म्हणे, "थांबा मामाजी, हे पुन्हा सांगा." पुन्हा सांगा! त्यांना हे शब्द इतके नवे होते की पहिल्या रविवारी सांगून सांगून त्यांचा आवाजच बसला.

"सारं लिहशीन ना?" ते विचारत.

"सारं लिहतो जी."

"आज्याचं नाव लिहजो. मले बाकी काई नको. भर चारचौघात एक डाव कोनीतरी उरकुडा सुतार म्हनलं पायजे. मंग मी मोकळा."

मग प्रफुल एक दिवस पाट मागायला आला. शाळेत काचेच्या कपाटात ठेवू म्हणाला. नीलाबाई चुलीपाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "आन् मी सेवया कायवर करू? भितीवर?"

पण मागणारा भाचा होता. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा पाळण्यात असला आणि मामा काठी टेकत असला तरी वाकतो मामाच. या पद्धतीत एक मोठी अडचण आहे. ज्याच्या पाया पडलो त्याला नाही म्हणता येत नाही आणि त्याच्यावर ओरडता येत नाही. प्रफुल लहानपणी मामाच्या रंध्याने कुत्र्याची पाठ साफ करायला गेला होता, तेव्हाही कवडूजींनी आधी त्याला नमस्कार केला होता आणि मग कुत्र्याला रागावले होते. त्यांनी पाट भिंतीवरून काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि प्रफुलच्या हातात दिला. वर पाया पडले.

"दुकानात भेटते पाट," ते बायकोला म्हणाले. "हे आता इतिहास हाय."

नीलाबाई म्हणाली, "इतिहासाले पितळ घासाले सांगजा."

शाळा ज्या संस्थेची, तिचे अध्यक्ष भैय्यासाहेब. बळवंतरावांचे नातू, राहायला नागपूरला. गावात वर्षातून दोनदा येत, दोन्हीदा काळा चष्मा लावून, त्यामुळे त्यांना गाव नेमकं कसं दिसतं ते कळायला मार्ग नव्हता. यंदाच्या जानेवारीत त्यांच्या आजोबांची सव्वाशेवी जयंती होती. तिला जोडून आखरावर पाटी लागणार, जहाजाचा इतिहास जाहीर होणार असं ठरलं. कवडूजींनी पंधरा दिवस आधी कुर्ता धुतला आणि मग रोज बाहेर काढून बघत राहिले.

त्या सकाळी आखरावर मांडव होता. शाळेचा बँड एकच गाणं येत असल्यामुळे तेच तीनदा वाजवून बसला. टेबलावर काचेचं कपाट, त्यात पाट. पाटाखाली छापील चिठ्ठी. बाजूला लोखंडी खांबावर पाटी, तिच्यावर पिवळं कापड. कवडूजी पहिल्या रांगेत, मी त्यांच्या मागे. चष्मा घरी विसरला हे त्यांना खुर्चीवर बसल्यावर कळलं. "जाऊ दे," ते वळून म्हणाले, "मले पाठ हाय."

भैय्यासाहेबांनी दोरी ओढली, कापड खाली आलं. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळ्या कवडूजींनी वाजवल्या. मला पाटी दिसत होती. माझे हात अर्ध्यात थांबले.

मग प्रफुल माईकवर आला आणि त्याने पाटी वाचून दाखवली. या मैदानावर उतरलेल्या विमानाचा मोडका पंखा, यंत्रविद्येचे जाणकार मालगुजार कै. बळवंतराव यांनी स्वतःच्या कल्पकतेने घडवून दिला आणि परकीय वैमानिकाला थक्क केलं. आवाज स्वच्छ, एकही शब्द अडला नाही. भैय्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

कवडूजी हळूच वळले. "चुकला पोरगा," मला म्हणाले. "माईकवर घाई होते. पुढच्या ओळीत येईन आज्याचं."

पुढची ओळ नव्हती. प्रफुलने कागद घडी करून खिशात टाकला आणि कपाटाकडे हात केला. मालगुजार घराण्याच्या संग्रहातून, असं त्यानेच सांगितलं. बायकांच्या रांगेत नीलाबाई उठून उभी राहिली होती, तिला शेजारणीने पदराला धरून बसवलं.

सरपंच रंभाताईंनी मग कवडूजींना वर बोलावलं. या विमानाची आठवण गावात जागती ठेवणारे ज्येष्ठ म्हणून शाल आणि नारळ. दोन शब्द बोला म्हणाल्या. सगळा मांडव सावरून बसला. दोन शब्द म्हणजे दीड तास, हे सगळ्यांना माहीत होतं. मागून कोणीतरी म्हणालंही, "जहाज निघालं राजेहो."

कवडूजींनी माईक धरला. टेबलाकडे पाहिलं. तिथे भैय्यासाहेबांच्या हाताखाली एक लिफाफा होता आणि त्यावर ठळक अक्षरांत प्रफुलचं नाव होतं. शाळेतल्या कोणाला तरी कायम करायची ऑर्डर आज देणार हे गावाला ठाऊक होतं. चष्म्याशिवायही तेवढं वाचता येत होतं. प्रफुल खाली बघत होता.

"मास्तरनं वाचलं तसंच असन," कवडूजी म्हणाले. "माह्यापाशी काई कागद नाई."

आणि खाली उतरले. कवडूजींचं आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

खरी गंमत पुढे झाली. आयुष्यभर ज्या गावाने या माणसाला हसून घेतलं, ते गाव बुंदी खाता खाता एका सकाळीत बदललं. जहाज खरं होतं! पाटी लागली म्हणजे खरंच. लोक कवडूजींच्या पाठीवर हात ठेवून सांगू लागले, "तुमी बरोबरच बोलत होते जी कवडूभाऊ. फक्त नाव चुकून राह्यलं होतं तुमचं." राइस मिलवाल्या बिरजूने तर समजूत घातली, "होते. इतक्या वर्साची गोष्ट. मालगुजाराच्या जागी आजाच दिसते मानसाले." मीही त्या घोळक्यात होतो. मला पाटीवर काय लिहिलंय ते टाळ्यांआधी दिसलं होतं आणि मीही बुंदी खात होतो.

घरी गेल्यावर नीलाबाईने विचारलं, "तुमी काऊन नाई बोलले?"

"त्याचा कागद तिथी पडला होता व. भैय्यासाहेबाच्या हाताखाली."

"आन् आज्याचं?"

कवडूजींनी कुर्ता उतरवला, घडी केली आणि पेटीच्या तळाशी ठेवला. हे मला नीलाबाईने नंतर सांगितलं.

तीन दिवसांनी मी बाजेचा पाय बसवून घ्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. प्रफुल आला. हातात पेढ्यांचा डबा. दारातच थांबला. कवडूजी उठले, खांद्यावरचा गमछा डोक्यावर घेतला आणि नेहमीसारखे त्याच्या पाया पडले. प्रफुल मागे सरकायला गेला, तर उंबऱ्याला अडखळला.

"मामाजी, शिव्या द्या मले."

"भाच्याले शिव्या देत नसते. बस."

तो खाली भुश्श्यातच बसला. "मी आज्याचंच नाव लिहलं होतं जी. तीनदा लिहून देल्लं. भैय्यासाहेब म्हने, उरकुडा हे काय पाटीवर लिहाचं नाव हाय काय? लोक हासतीन. मंग म्हने, कायम व्हाचं हाय का नाई ते सांग. अकरा वर्सं झाले मामाजी. पोरगी दहावीले आली."

"बरं केलं."

"एक वर्स थांबा. मी आता कायम झालो. मी पाटी बदलवतो."

"लोखंडाची हाय ते," कवडूजी म्हणाले. "लाकडाची असती तं मीच रंधा मारला असता."

नीलाबाई आतून आली. पेढ्यांचा डबा उचलून तिने बाहेर ओट्यावर ठेवला, घरात नेला नाही. "पाट कदी वापस देतेस?" तिने विचारलं. प्रफुल म्हणाला, "मामी, तो आता रजिस्टरवर चढला." ती आत वळली. चहाचं आधण मात्र ठेवलं. माझ्यासाठी असावं.

कवडूजी माझ्या बाजेच्या पायावर तासायची वाकस चालवत होते. मग हात थांबवून ते म्हणाले, "मले एक काम करून दे."

"सांगा जी."

"ते गोष्ट सांग. इथीच. पाटी जाऊ दे, तू सांग. जशी मी तुले सांगतली तशी. माह्यानं आता सांगनं होत नाई. तोंड उघडलं का लोक म्हनते, नाव चुकलं. मले आयकाची हाय."

प्रफुलचा चेहरा उजळला. हे त्याला जमणारं होतं. दोन वर्षं रविवार घालवले होते त्याने. त्याने डोळे पुसले, मांडी घातली आणि सुरू केलं. पुसाचा महिना आला, गायकी आला, गुरं चारी दिशांना गेली. साहेबाने टोप काढून चहा मागितला. फार चांगलं सांगत होता. मामापेक्षा आटोपशीर. नीलाबाई दारात येऊन उभी राहिली. रस्त्याने जाणाऱ्या दोघी डोक्यावरचे भारे सांभाळत थांबल्या. कवडूजी डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"साहेब डोकं धरून बसला होता," प्रफुल म्हणाला. "सारं गाव दूर उभं. तेवढ्यात मालगुजार साहेब पुढे आले, त्यायनं ते तुकडे हातात घेतले आन्..."

तो थांबला.

कार्यक्रमाची तालीम त्याने महिनाभर केली होती. शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. जीभ आपोआप तिकडे वळली. त्याने तोंडावर हात ठेवला. बाहेर थांबलेल्या दोघींपैकी एक दुसरीला म्हणाली, "हो, पाटीवर असंच हाय," आणि त्या चालू लागल्या.

"मामाजी, पुन्हा सांगतो. चुकलं. पुन्हा पहिल्यापासून सांगतो."

"राहू दे," कवडूजी म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. एखादं लाकूड तासताना आत पोकळ निघावं आणि सुताराने ते बाजूला ठेवावं, तसा होता. "ते गोष्ट तुह्याशिवाय कोनापाशी ठेवली नोती मी."

नीलाबाईने चहा आणला. तीन कप होते. कवडूजींनी एक प्रफुलच्या पुढे सरकवला, मला म्हणाले, "बाजेचा दुसरा पाय बी हालते, तो घेऊन ये," आणि त्याच्याकडे पाठ करून वाकस उचलली.